तहान आणि लघवी दोन्ही जास्त, पण साखर नॉर्मल: बिघाड नेमका कुठे?



नेट-सेटची तयारी करताना एक वाक्य सर्रास पाठ केलं जातं: 'पश्च पियुषिका ग्रंथी एडीएच आणि ऑक्सिटोसिन तयार करते.' खरं तर ती दोन्ही हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशी बनवतात. पश्च पियुषिका ती फक्त साठवते आणि सोडते. म्हणूनच शस्त्रक्रियेत फक्त पश्च भागाला धक्का बसला, तर एडीएचची कमतरता बऱ्याचदा तात्पुरती असते. बनवणाऱ्या पेशी वर शाबूत असतात ना!

एडीएच करतं काय?
मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते दीड-दोन लिटर. यातलं बरंचसं पाणी आपोआप परत शोषलं जातं. शेवटचा हिशोब मात्र एडीएच म्हणजेच व्हासोप्रेसिनच्या हातात असतो. रक्ताची ऑस्मोलॅलिटी १-२ टक्के वाढली तरी ते स्रवतं, संग्राहक नलिकेच्या पेशींवरील व्ही२ ग्राहीला जोडलं जातं, सीएएमपी वाढतं आणि अ‍ॅक्वापोरिन-२ च्या वाहिन्या पेशीपटलावर येतात. पाणी परत रक्तात!

बिघाड कसा शोधायचा?
समजा, रुग्णाला दिवसाला ८ लिटर लघवी होते, साखर नॉर्मल आहे. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाणी बंद ठेवतात.

१. लघवी आपोआप घट्ट झाली: यंत्रणा ठीक, माणूस पाणीच जास्त पितोय.
२. पातळच राहिली, पण डेस्मोप्रेसिन दिल्यावर घट्ट झाली: हार्मोनच कमी आहे.
३. डेस्मोप्रेसिन देऊनही फारसा फरक नाही: मूत्रपिंड दाद देत नाही. दीर्घकाळ घेतलेलं लिथियम हे याचं एक ठळक कारण.

संशोधनाच्या दृष्टीने बघा: लक्षण तेच, पण आधी पाणी बंद आणि मग हार्मोन, या दोन पायऱ्यांत बिघाडाची जागा कळते. काही रुग्णांत निकाल अधेमधे येतो, तेव्हा कोपेप्टिन मोजणं उपयोगी पडतं.

याउलट एडीएच गरजेपेक्षा जास्त झालं (एसआयएडीएच), तर पाणी साचून रक्तातलं सोडियम उतरतं. ते घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

नाव का बदललं?
क्रमांक २ आणि ३ ची जुनी नावं सेंट्रल आणि नेफ्रोजेनिक डायबेटिस इन्सिपिडस. 'डायबेटिस' ऐकून मधुमेहच समजला गेला आणि डेस्मोप्रेसिन द्यायचं राहिलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून २०२२ मध्ये व्हासोप्रेसिन डेफिशियन्सी आणि व्हासोप्रेसिन रेझिस्टन्स ही नावं सुचवली गेली. आता नावातच बिघाडाची जागा कळते.

जाता जाता एक प्रश्न: व्ही२ ग्राही शाबूत, पण अ‍ॅक्वापोरिन-२ चं जनुक बिघडलेलं. हा रुग्ण कुठल्या गटात बसेल?