बांकाबाई आणि नागपूरच्या गादीचा दत्तक

नागपूरचें राज्य औरस पुत्र नसल्यामुळें खालसा झालें, असें संक्षेपानें लिहिण्याची वहिवाट आहे. आमच्या मतें हें कारण पुरेसें नाहीं. याच घराण्यांत विधवांनीं घेतलेला दत्तक कंपनी सरकारनें पूर्वीं एकदां मान्य केला होता. दुसऱ्या रघूजींच्या राणी बांकाबाई यांनीं पाहिलेल्या त्या दोन प्रसंगांची तुलना येथें करावयाची आहे.

पहिला प्रसंग १८१८ चा. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले. तेव्हां दुसऱ्या रघूजींच्या कन्येचा मुलगा, कुळानें गुजर, राजवाड्यांतील विधवांनीं दत्तक घेतला; तोच तिसरा रघूजी. तो अल्पवयी असल्यामुळें बांकाबाई त्याच्या पालक झाल्या व कारभार रेसिडेंट जेंकिन्स पाहूं लागला. १८२६ सालीं कंपनीनें या राजाशीं तह केला.

दुसरा प्रसंग, तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले तेव्हांचा. बांकाबाई व राजाच्या राण्या यांनीं यशवंतराव अहिरराव या आप्तास पुढें केलें. राणी अन्नपूर्णाबाईंनीं त्यास दत्तक घेऊन जानोजी असें नांव ठेविलें. महाराष्ट्रांत प्रमाण असलेल्या 'व्यवहारमयूखा'प्रमाणें, पतीनें निषेध केला नसल्यास विधवेस दत्तक घेतां येतो.

डलहौसीनें २८ जानेवारी १८५४ च्या टिपणांत निराळीच भूमिका घेतली. राजानें स्वतः दत्तक घेतला नव्हता. शिवाय १८१८ सालीं जिंकलेलें राज्य कंपनीनें कृपेनें दिलें होतें, म्हणून वारसाअभावीं तें दात्याकडे परत आलें, असा त्याचा युक्तिवाद. रेसिडेंट मॅन्सेल यानें राज्य राखण्याची शिफारस केली होती, व कौन्सिलांतील जॉन लो यानें विरुद्ध मत नोंदविलें. तरीही त्याच वर्षीं राज्य खालसा झालें, आणि राजवाड्यांतील जडजवाहीर कलकत्त्यास लिलांवांत गेलें. बांकाबाईंनीं विलायतेस वकील पाठविले. त्याचा उपयोग झाला नाहीं. १८५७ च्या धामधुमींतहि त्यांनीं आपल्या माणसांस आवरून धरिलें. १८५८ सालीं त्या वारल्या.

पुढें सरकारनें याच जानोजीस 'देऊरचे राजे बहादूर' हा किताब दिला. साताऱ्याकडील देऊर हें भोसल्यांचें जुनें वतनगांव. म्हणजे घराण्याचा वारस म्हणून दत्तक चालला, राज्याचा वारस म्हणून चालला नाहीं. यावरून वाद दत्तविधानाच्या शास्त्रशुद्धतेचा नसून, तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा याचा होता, असें आम्हांस वाटतें. १८१८ सालीं कंपनीस गादीवर राजा हवा होता. १८५४ सालीं तिला प्रदेश हवा होता.