पट्टा आत जातो, थप्पी माणूस लावतो

चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनर आतून सुमारे १२ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.६९ मीटर उंच असतो. ६० बाय ५० बाय ५० सेंटीमीटरची खोकी नीट रचली तर साडेचारशेच्या वर मावतात. हाती भरणा करायचा तर प्रत्येक खोके सरासरी ६ मीटर आत न्यायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. म्हणजे एका कंटेनरमागे साडेपाच किलोमीटरची पायपीट, तीही उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या पेटीत. टेलिस्कोपिक बेल्ट कन्व्हेयर, म्हणजे कंटेनरच्या आत लांबवता येणारा सरकता पट्टा, वाचवतो ती हीच पायपीट.

फोर्कलिफ्ट असताना हे सगळे कशाला? पॅलेटवरचा माल झटपट चढतो हे खरे, पण पॅलेट स्वतःच जागा खाते. पंखे, मिक्सर, खेळणी असा माल वजनाला हलका आणि आकाराला ऐसपैस. १५ किलोची ४६० खोकी भरली तरी वजन जेमतेम ७ टन होते. कंटेनर साधारण २६ टन माल पेलतो. वजनाची मर्यादा दूरच राहते, जागा मात्र आधी संपते. भाडे अख्ख्या कंटेनरचे मोजायचे, तर त्यातून हवा कोण पाठवील? म्हणून असा माल बहुधा सुटाच रचतात.

कन्व्हेयरच्या बूमची, म्हणजे पट्टा वाहणाऱ्या लांब हाताची, रचना घडीच्या छत्रीच्या दांड्यासारखी असते: एकात एक सरकणारे तीन-चार टप्पे. बूम आत ओढलेला असताना जादा पट्टा पोटातल्या पुलींवर वेढे घेऊन बसतो. बूम लांबला की तोच उलगडत जातो. टोकाशी बटणे, दिवा आणि आणीबाणीचा लाल थांबा असतो. खोके टोकाला पोचले की सेन्सर पट्टा थांबवतो. सुरुवातीला बूम कंटेनरच्या पार आतल्या भिंतीजवळ जातो आणि थप्पी पुढे येईल तसतसा दाराकडे मागे सरकतो. पट्टा उलटा फिरवला की हेच यंत्र माल उतरवायलाही चालते.

मात्र शेवटचा हातभर प्रवास यंत्राच्या आवाक्यात नाही. सुरुवातीला सांगितलेलीच खोकी घ्या. ५० सेंटीमीटरची बाजू आडवी धरून रुंदीत चार लावली, तर २ मीटर भरतात आणि ३५ सेंटीमीटर वाया जातात. एका थरात ८० खोकी बसतात. त्यांतली तीन खोकी ६० ची बाजू आडवी धरून आणि चौथे वळवून लावले, तर २.३० मीटर भरतात. खोलीत मग तीन रांगांना २४-२४ आणि चौथीला २० खोकी लागतात, म्हणजे थरात ९२. पाच थरांत फरक पडतो ६० खोक्यांचा. प्रत्यक्षात पुठ्ठा फुगतो, कोपरा दबतो. म्हणून कोणते खोके किती दाबून बसवायचे, हे थप्पी लावणाऱ्याचा हात ठरवतो. खोक्यावरचा बाण वरच राहिला पाहिजे, जड माल खाली गेला पाहिजे आणि दाराजवळची रांग अशी बांधली पाहिजे की परदेशात दार उघडताच ती कोणाच्या अंगावर येऊ नये.

म्हणूनच पट्ट्याचा वेग कितीही वाढवला, तरी भरण्याचा वेग आत थप्पी लावणाऱ्यांच्या हातांवर ठरतो. पट्टा कितीही धावला, तरी टोकाशी आलेले खोके उचलले जाईपर्यंत त्याला थांबावेच लागते.

बोस्टन डायनॅमिक्सने २०२१ मध्ये 'स्ट्रेच' हा खोकी उचलणारा रोबो आणला, तोही आधी लागला माल उतरवण्याच्या कामाला. रचलेले काढणे सोपे, नेटके रचणे अवघड.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, कंटेनरचे न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तरी हाती भरणा आजही सर्रास चालतो. कन्व्हेयर आला की माथाडींच्या टोळीतली खोकी वाहून नेणारी माणसे कमी लागतात, ही चिंता खोटी नाही. पण ज्याला थप्पी लावता येते, त्याचे काम यंत्राने काढून घेतलेले नाही. उलट आता सगळा भार त्याच्यावरच आला आहे. त्याच्या मजुरीचा हिशेब अजून उचललेल्या ओझ्यावरच होत असेल, तर तो बदलायला हवा.