वाळू कुणाची?

सकाळी साडेआठला टायमरवर टाकीतला दिवा लागतो. त्या सुमारास खाली जामबागेच्या रस्त्यावर फर्निचरवाल्यांची शटरं वर जात असतात, विवेकवर्धिनीकडे निघालेली पोरं रस्ता ओलांडत असतात आणि माझा चहा निवत असतो. टाकीचा तळ अगदी सपाट दिसतो. मग डावीकडच्या दगडाच्या बुडाशी वाळू जराशी खचते, पुन्हा खचते, आणि तिथून एक पिवळं डोकं वर येतं. हा गोबी मासा. (तो आणला त्या दिवशी बायकोने विचारलं होतं, ‘गोबी आणलीत, मग भाजीची पिशवी कुठंय?’ हैदराबादेत हा विनोद टळत नाही.) गोबी बिळाच्या तोंडाशी ठाण मांडतो, डोळे गरगर फिरवतो आणि सगळं ठीक असल्याची त्याची खात्री पटली की मागून कोळंबी बाहेर येते.

तिला पिस्तूल कोळंबी म्हणतात. जेमतेम दीड-दोन इंचांची, तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांची. दोन्ही नांग्या पुढे जोडून त्यांचं सूप करते आणि वाळूचा ढीग ढकलत येते. तोंडापासून तीन-चार बोटांवर ढीग टाकला की आल्या पावली मागे. एकदा चहा संपेपर्यंत मोजल्या, एकतीस खेपा झाल्या. तिला नीटसं दिसत नाही, म्हणून बाहेर असताना तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपूट थरथरवलं की ती क्षणात आत. कोळंबी बीळ खणते, गोबी राखण करतो, असा दोघांचा संसार. संध्याकाळी दिवा मंदावला की दोघं आत जातात आणि तोंड बुजतं. सकाळी पुन्हा श्रीगणेशा.

हे सगळं बघायला फार गोड आहे, पण त्याच वाळूवर प्रवाळ ठेवायचं असेल तर गोडी लवकर उतरते.

टाकी तीन फुटी, साधारण एकशे नव्वद लिटरची. खालचं स्टँड आमच्याच गल्लीतल्या सुताराकडून करून घेतलं; पाण्याचं वजन सांगितल्यावर त्याने पाय दुप्पट जाड केले आणि पैसेही. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे, त्यामुळे खारं पाणी घरीच करायचं. फिल्टरमधून टीडीएस शून्यावर आणलेल्या पाण्यात मीठ घालून ३५ पीपीटी. मे महिन्यात बाहेर चाळिशी पार झालेली असताना आत २६ अंश राखायला चिलर लागतो, आणि वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर. या सगळ्याची सवय होते. वाळूची झाली नाही.

पहिली चूक माझी. मी आधी वाळू पसरली आणि वर दगड रचले. कोळंबीला दगडाखालचीच जागा हवी असते, कारण छत आयतं मिळतं. तिने महिनाभर बुडाची वाळू उपसली आणि एका दुपारी वरचा दगड काचेकडे कलंडला. काच वाचली, ते नशीब. तेव्हापासून नियम असा: दगड थेट काचेच्या तळावर, त्याखाली प्लास्टिकची जाळी, आणि वाळू सगळ्यात शेवटी. ती कितीही खणू दे, दगड हलत नाही.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. वाळूत छोट्या खड्यांवर मी मश्रूम कोरल ठेवले होते, रुपयाएवढ्या निळसर चकत्या. एका सकाळी त्यातली एक दिसेना. दोन दिवस शोधली. मग बॅटरीचा झोत काचेला लावून बिळात पाहिलं, तर ती छतात! कोळंबीने खडा उचलून नेला होता आणि बिळाच्या छतात चिणला होता, मश्रूम खाली तोंड करून. तिला खडा हवा होता, वरची चकती हा तिच्या लेखी चिकटलेला कचरा. बारीक वाळूचं बीळ ढासळतं, म्हणून कोळंबी खडे, शिंपल्यांचे तुकडे, मिळेल ते वेचून भिंती आणि छत बांधते. मी तिला नुसती मऊ वाळू दिली होती. मग तिने प्रवाळाचं स्टँड नेलं, यात तिचं काय चुकलं? आठवडाभराने ती चकती खड्यावरून सुटली, प्रवाहात वाहत गेली आणि दुसऱ्या टोकाच्या दगडावर आपली आपण चिकटली. आजही तिथेच आहे, आणि मी निवडलेल्या जागेपेक्षा तिथे बरी दिसते.

त्या दिवशी मूठभर चुरी, फुटके शिंपले आणि हरभऱ्याएवढे खडे बिळाजवळ ओतले. दुपारपर्यंत निम्मे आत गेले होते. तेव्हापासून प्रवाळाच्या खड्यांना ती शिवलेली नाही. वाळूही वाढवून चार इंचांची केली, निम्मी बारीक, निम्मी भरड.

खरी वाळूतली प्रवाळं मात्र माझ्याकडे नाहीत, आणि असणारही नाहीत. वाळूवर सुटी राहणारी ती जात म्हणजे फंजिया किंवा ट्रॅकीफिलिया, म्हणजे दगडी प्रवाळ. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या अठरा वसाहती हलवायच्या, तर त्यालासुद्धा रीतसर परवानगी घ्यावी लागली. तेव्हा कुणी दुकानदार गुपचूप ‘ब्रेन कोरल है साब’ म्हणाला तर पाठ फिरवावी. मश्रूम आणि झोअँथिड दगडी नाहीत, माझं त्यांच्यावर भागतं.

ट्रॅकीफिलिया पाहतो ती शारजातल्या लेकीच्या टाकीत, व्हिडिओ कॉलवर. तिची कागदपत्रांसकट घेतलेली आहे. दिवसा ती फुगलेल्या पुरीसारखी दिसते, लाल-हिरव्या घड्यांची. खाली सांगाडा शंकूसारखा, वाळूत रुतून बसायला सोयीचा. वाळू अंगावर पडली तर ती झटकते: पाणी भरून अंग फुगवते, चिकट स्राव सोडते आणि अंगावरच्या सूक्ष्म केसांनी कण काठाकडे लोटते. थोडी वाळू, कधीतरी पडलेली, ती सहज सोसते. पण दर दोन मिनिटांनी सूपभर वाळू येऊन पडायला लागली तर दमते. झाकल्या गेलेल्या भागाला उजेड नाही की प्राणवायू नाही. पेशीत राहणारी शैवालं उपाशी पडतात, मांस मागे सरतं आणि पांढरा सांगाडा उघडा पडतो. उघड्या पडलेल्या कडेवर मांस परत येणं अवघड.

लेकीच्या ट्रॅकीफिलियाचंही तेच झालं होतं. ‘बाबा, मी रोज ड्रॉपरने वाळू उडवत होते. कोळंबी परत टाकत होती. शेवटी ओटा बांधला.’ ओटा म्हणजे बिळापासून लांबच्या कोपऱ्यात, काचेच्या तळावर टेकवलेला चपटा दगड, वाळूपासून तीन बोटं उंच, वर खोलगट जागेत ट्रॅकीफिलिया. कोळंबी चढण चढून वाळू टाकत नाही. प्रवाह ओट्यावरून मंद जातो. वाळूतलं प्रवाळ वाळूत नाही, याची शुद्धतावाद्यांना खंत वाटेल. लेकीला वाटत नाही.

निसर्गात मात्र उलटाही प्रकार आहे. हेटेरोप्सामिया नावाचं बटणाएवढं प्रवाळ आपल्या सांगाड्यात एक किडा सांभाळतं. किडा त्याला वाळूवरून ओढत नेतो, उलटलं तर सरळ करतो, पुरलं तर वर काढतो. २०१७ मध्ये जपानच्या अमामी बेटांजवळ संशोधकांना त्या किड्याच्या जागी एक खेकडा तेच काम करताना सापडला, शंखात राहतो त्या जातीतला. प्रवाळाला खणणारा शेजारी मुळातच वर्ज्य नाही. आपण काचेच्या तीन फुटांत ज्यांची गाठ घालून देतो, त्यांचा मात्र आपसांत असा काही करार झालेला नसतो.

आता आवाजाबद्दल, कारण नवा माणूस यानेच घाबरतो. रात्री ‘टक्’ होतं, अगदी काच तडकल्यासारखं. मी पहिल्यांदा उठून जमीन चाचपली होती, ओली आहे का म्हणून. तो आवाज कोळंबीच्या मोठ्या नांगीचा, पण नांगी आपटल्याचा नव्हे. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो त्याचा आवाज. हे २००० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अतिजलद कॅमेऱ्याने दाखवलं. समोरची बारकी कोळंबी किंवा खेकडा त्या धक्क्याने गारद होतो, म्हणून टाकीत शोभेच्या लहान कोळंब्या सोडायच्या तर विचार करून. प्रवाळाला त्याने काही होत नाही.

काल संध्याकाळी बिळाचं तोंड बुजलं ते डाव्या दगडाशी. आज सकाळी उघडलं उजवीकडे, झोअँथिडच्या खड्याला लागून. खडा मी चार बोटं मागे सरकवला.