एका लाइटने मोटर कशी चालू केली : पोर्ट, पिन आणि माझी चूक

आज कोड ऐकवणार आहे, पण घाबरू नका, एकच ओळ आहे. त्या एका ओळीने आमच्या घरचं अर्ध्या टँकरचं पाणी गच्चीवरून खाली सोडलं होतं.

एप्रिल महिना. हौदात टँकरचं पाणी. मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून मी आर्डुइनो उनो बसवला. टेस्टिंग झालं, आणि शेवटच्या क्षणी वाटलं, बोर्डवरचा छोटा एलईडी लुकलुकला तर सिस्टिम चालू आहे हे कळेल. दोन ओळी वाढवल्या. टेबलावर एलईडी लुकलुकला, मी खूश. रिले तेव्हा जोडलेलाच नव्हता! सकाळी आईची हाक, "अरे, गच्चीवरून धबधबा लागलाय!"

झालं काय? उनोवरच्या एटमेगा ३२८पी चिपमध्ये पिना गटागटाने असतात. गट म्हणजे पोर्ट. प्रत्येक पोर्टला तीन रजिस्टर. डीडीआर ठरवतं की पिन आउटपुट आहे (१) की इनपुट (०). पोर्ट रजिस्टरमध्ये आउटपुटची किंमत लिहायची. आणि पिन रजिस्टरमधून वाचायचं. टाकीतला फ्लोट स्विच मी असाच वाचत होतो. पिन इनपुट असताना पोर्टमध्ये १ लिहिला की आतला पुल-अप लागतो, मग स्विच ग्राउंडला जोडला गेला की ० वाचायला मिळतो.

आता गंमत बघा. माझा एलईडी पोर्ट बीच्या ५ नंबर बिटवर, रिले त्याच पोर्टच्या ० नंबरवर. मी लिहिलं होतं : पोर्टबी बरोबर वन लेफ्ट शिफ्ट फाइव्ह. म्हणजे ००१०००००. मला वाटलं, मी फक्त पाचवा बिट बदलला. छे! नुसतं 'बरोबर' म्हटलं की आठही बिट नव्याने लिहिले जातात. रिलेचा बिट शून्य झाला. आणि बाजारात मिळणारे बरेच रिले मॉड्यूल शून्यावर चालू होतात, माझंही त्यातलंच. एलईडी विझवतानाही मी अख्ख्या पोर्टमध्ये शून्य लिहीत होतो, त्यामुळे मोटर बंद व्हायचा प्रश्नच नाही.

बरोबर पद्धत : चालू करताना 'बरोबर'च्या आधी उभी रेघ, म्हणजे ऑर. जुन्या ०००००००१ मध्ये ००१००००० मिसळलं की ००१००००१, रिलेचा १ शाबूत. विझवताना अँड, आणि मास्कच्या आधी टिल्डे, म्हणजे तेवढा एकच बिट शून्य, बाकी जसेच्या तसे.

अजून एक. रीसेटनंतर सगळ्या पिना इनपुट असतात आणि पोर्टमध्ये शून्य. डीडीआर आधी आउटपुट केला, मध्ये एखादा डिले आला, आणि १ नंतर लिहिला, तर तेवढ्या वेळात रिले टक् करून ओढला जातो. म्हणून माझ्या कोडमध्ये आता पोर्टचा १ आधी, डीडीआर नंतर. लाइट जाऊन आली तरी मोटर गप्प बसते.