पदवीधराने स्वतःला काय म्हणवावे?

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची सूची तयार करण्याचे काम आम्ही हाती घेतले, तेव्हा नावांपेक्षा नावांपुढच्या अक्षरांनीच आम्हांस अधिक विचार करावयास लावले. कोणी 'बी.ए. (पुणे)' असे लिहून पाठविले, कोणी 'बी.कॉम., उ.म.वि.', तर कोणी विद्यापीठाचे पूर्ण नाव दोन ओळींत मांडले. एका पालकांनी कन्येच्या नावासमोर 'पंधरावी पास' एवढेच लिहिले. खानदेशातील खेड्यांत ही मोजणी अजून जिवंत आहे. बारावीनंतर महाविद्यालयाची तीन वर्षे, म्हणून बी.ए. म्हणजे पंधरावी आणि एम.ए. म्हणजे सतरावी. आणखी काहींनी मात्र पदवी मुळीच छापू नये असे कळविले. उगाच मोठेपणा दिसतो, असे त्यांचे म्हणणे. या शेवटच्या मंडळींशी आमचा मतभेद आहे, आणि तो थोडा सविस्तर मांडावा असे वाटते.

मराठीत 'पदवी' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना लागतो. इंग्रज सरकार देत असे ती रावबहादूर, रावसाहेब ही पदवी, आणि परीक्षा देऊन मिळते ती बी.ए., एम.ए. हीसुद्धा पदवीच. पहिली सरकारच्या मर्जीने मिळे, दुसरी अभ्यासाने. भारतीय संविधानाने या दोहोंमधील भेद नेमका ओळखला आहे. अनुच्छेद १८ अन्वये राज्यसंस्थेला किताब देता येत नाहीत; अपवाद केवळ लष्करी व विद्याविषयक मानाचा. ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, तिच्या संविधानाने रावबहादूर पुसून टाकला आणि बी.ए. राहू दिला. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पद्मश्री, पद्मभूषण आदी राष्ट्रीय सन्मानही नावाआधी वा नावापुढे किताबासारखे वापरता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. म्हणजे या देशात नावाला जोडून मिरविण्यास जे थोडे उरले आहे, त्यात विद्येने मिळविलेली पदवी हे प्रमुख होय.

समारंभाचे शब्दही तपासून घेण्यासारखे आहेत. पूर्वी सर्रास 'पदवीदान समारंभ' म्हणत. दान ही आपल्या धम्मातील पहिली पारमिता आहे. तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेली वस्तू दान कशी? 'पदवीप्रदान' हा शब्द त्यापेक्षा बरा. अलीकडे रूढ झालेला 'दीक्षान्त' शब्द आम्हांस थोडा अवघड वाटतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत दीक्षा या शब्दाला जो अर्थ आला, त्याला अंत नाही. हिंदीतून येणारा 'स्नातक' तर समावर्तन संस्कारातला. गुरुगृही अध्ययन संपवून स्नान करणारा तो स्नातक, आणि त्या गुरुगृहाचे दार शूद्रांना व स्त्रियांना बंद होते. तथागतांनी हाच शब्द उचलून पालीत त्याला नवा अर्थ दिला. सुत्तनिपातात न्हातक म्हणजे ज्याने अकुशल धुऊन टाकले तो, मग जन्म कोणताही असो. तेव्हा शब्दाशी आपले वैर नाही. तरीही व्यवहारात 'पदवीधर' हाच शब्द निर्मळ आणि पुरेसा आहे. स्त्रियांसाठीही तोच चालावा, 'पदवीधारिणी' अशी लांबण लावण्याचे कारण नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. त्या काळी बी.ए. ही दोन अक्षरे नावाला आडनावासारखी चिकटत. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव रामजी आंबेडकर बी.ए. झाले. मधल्या अर्धशतकात पदवी हा ज्यांचा घरचा ठेवा बनला, त्यांनी ती आता नम्रतेने लपवली तर शोभून दिसते. ज्यांच्या आजोबांना गावात सत्तराव्या वर्षीही एकेरी हाक मारली जाई, त्यांच्या नातवाने ती लपविणे ही नम्रता नव्हे.

पदवीने सर्व काही होते असेही नाही, आणि याचा सर्वांत कठोर दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य या नात्याने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यास खानदेशात आले होते. काम आटोपून परतताना धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. स्थानिक अस्पृश्य बांधवांनी एक रात्र मुक्काम करण्याचा आग्रह धरला. महारवाडा स्टेशनपासून दूर, टांगा आवश्यक. परंतु एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकावयास तयार होईना. अखेर तडजोड अशी निघाली की, टांगा भाड्याने मिळेल पण हाकणारा मिळणार नाही. आपल्यातलाच एक जण, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, लगाम धरून बसला. आधी एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या कठडा नसलेल्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, आणि घोडा टांग्यासह खाली नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविली आहे. खरे कारण त्यांना मागाहून कळले; ताटकळत ठेवल्याबद्दल त्यांची माणसे आधी काही बोलली नव्हती, कारण पाहुण्याला पायी नेणे त्यांना आपल्या मानाला कमीपणा आणणारे वाटले. बाबासाहेबांचा निष्कर्ष असा की, ज्याचा व्यवसाय कोणी प्रतिष्ठेचा मानत नाही असा टांगेवालाही स्वतःला कोणत्याही अस्पृश्याहून श्रेष्ठ समजतो, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना. त्या दिवशी टांग्यात बसलेल्या गृहस्थांपाशी मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. व पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. व डी.एस्सी. आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी होती. चाळीसगावच्या स्टेशनाबाहेर यांपैकी एकही चालली नाही.

म्हणून काय पदव्या व्यर्थ ठरल्या? आठ वर्षांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, तेच बॅरिस्टर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात राहिले. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार पदवीने दिला होता आणि तो कोणा टांगेवाल्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी तेथे भीमस्मृती यात्रा भरते. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पावसात भिजत ती केली आहे. पदवी माणसांची मने बदलेलच असे नाही, पण काही दारे ती कायद्याने उघडते. कोणती दारे, हे मात्र पदवीधराला ठाऊक पाहिजे.

पदवी लिहावी, पण चोख लिहावी. आपल्या मंगल परिणयाच्या पत्रिकांत 'आयु.' आणि 'आयुष्मती' यांच्यापुढे कंसात पदव्यांची रांग असते. त्यात अपुऱ्या अभ्यासक्रमाचाही समावेश होऊ लागला आहे. पैसे भरून मिळणाऱ्या तथाकथित मानद डॉक्टरेटचा सुळसुळाट तर चिंता वाटावी असा आहे. खऱ्या विद्यापीठाची मानद पदवीसुद्धा सन्मान म्हणून असते, आणि तिच्या आधारे नावाआधी 'डॉ.' लावू नये असा संकेत आहे. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण भिंतीवर लावतो, तीही नीट वाचावी. कोलंबियाची एलएल.डी. (१९५२) आणि उस्मानियाची डी.लिट. (१९५३) या मानद होत. त्यांचे 'डॉक्टर' हे बिरुद त्यांवर उभे नाही. ते लंडनच्या १९२३ च्या डी.एस्सी.वर आणि कोलंबियाच्या पीएच.डी.वर उभे आहे. ही पीएच.डी.सुद्धा प्रबंध छापून दाखल केल्यावर १९२७ मध्ये विधिवत मिळाली. नियम त्यांनाही पाळावा लागला.

खोटी बिरुदे ही आजची गोष्ट नव्हे. सातव्या शतकात ह्युएन त्संग लिहितो की, नालंदेच्या प्रवेशद्वारी होणाऱ्या प्रश्नोत्तरांत दहांपैकी सात-आठ जण परत फिरत. आणि म्हणूनच काही लोक नालंदेचे नाव चोरून, आपण तेथलेच असे सांगत फिरत व मानसन्मान उपटीत. नालंदेचा विद्यार्थी हे नावच तेव्हा पदवी होते.

आता विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न. खानदेशातील महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाकडे, १९४९ पासून पुणे विद्यापीठाकडे आणि १५ ऑगस्ट १९९० पासून जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आली. आमच्या वयाच्या पुष्कळांची बी.ए. पुण्याची आणि एम.ए. जळगावची आहे, ती यामुळेच. महाविद्यालय तेच, बाकही तेच. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आसोद्याच्या या शेतकरी स्त्रीला अक्षरओळख नव्हती. तिच्या रचना इतरांनी उतरवून घेतल्या आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या. जिला शाळेने घेतले नाही, तिचे नाव आज आपल्या मुलींच्या पदवीपत्रावर आहे. ते आखडून आद्याक्षरांचा न उच्चारता येणारा जुडगा करण्यापेक्षा 'बहिणाबाई चौधरी विद्यापीठ' असे म्हणावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. जुन्या पदवीधरांनी मात्र प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच लिहावे. हवे तर कंसात आजचे नाव द्यावे.

आपल्या समाजाला हा तपशील क्षुल्लक वाटू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि ते नाव प्रत्यक्षात यावयास १४ जानेवारी १९९४ उजाडले. तेही नामांतर न होता नामविस्तार होऊन. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. ते नाव ज्यांच्या पदवीपत्रावर आहे, त्यांनी ते पूर्ण लिहावे.

राहिले एक बिरुद, जे सूचीतील एकाही माजी विद्यार्थ्याने लिहिलेले नाही : 'नोंदणीकृत पदवीधर'. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग व महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. शुल्क, वसतिगृहे, परीक्षा यांवर प्रश्न विचारण्याची जागा तीच. पदवी घेऊन जो घरी बसला त्याला तेथे मत नाही. नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाचेही तसेच. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यालाच तेथे मतदार होता येते, आणि ती यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होत असल्याने मागच्या वेळी नाव होते म्हणून ते यंदाही असेल असे समजू नये. त्यासाठी नमुना १८ भरून सोबत पदवीपत्राची प्रत जोडावी लागते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या भगिनींनी नावबदलाचा पुरावा आधीच काढून ठेवावा.