अम्लपित्त
जठरातील अम्लयुक्त रस उलट दिशेने ग्रसिकेत (अन्ननलिकेत) वारंवार चढल्यामुळे छातीत जळजळ होणे, घशाशी आंबट पाणी येणे व करपट ढेकर येणे ही लक्षणे उत्पन्न होतात. या विकाराला व्यवहारात अम्लपित्त व आधुनिक वैद्यकात जठर-ग्रसिका प्रत्यावहन म्हणतात. आयुर्वेदातील अम्लपित्त ही संज्ञा याहून व्यापक असून माधवनिदान या ग्रंथात तिचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन प्रकार वर्णिले आहेत. नांदेड व लातूर जिल्ह्यांत, उर्वरित मराठवाड्याप्रमाणेच, या तक्रारीस नुसते ‘पित्त’ म्हणतात. अंगावर उठणाऱ्या गांधी, अर्धशिशी आणि मळमळ यांनाही हाच शब्द लावला जातो. त्यामुळे निरनिराळे विकार एकच समजले जाऊन योग्य उपचारांस विलंब होण्याचा संभव असतो. यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी छातीतील जळजळीचा सहसा संबंध नसतो.

कारणे : ग्रसिकेच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे परिसंकोची वलय असते. घास जठरात उतरताना ते उघडते व एरवी मिटलेले असते. ते शिथिल झाल्यास किंवा उदरातील दाब वाढल्यास अम्ल वर चढते. जठराच्या अस्तरास श्लेष्म्याचे संरक्षण असते. ग्रसिकेस तसे नसल्यामुळे तिचा दाह होतो. स्थूलता, गर्भारपण, मध्यपटलातील छिद्रातून जठराचा भाग वर सरकणे (अंतर्गळ), तंबाखू व मद्य ही प्रमुख कारणे होत. रक्तदाब व दमा यांवरील काही औषधांनीही वलय शिथिल होते. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी वारंवार घेतल्यास जठरास व्रण होऊन अशाच तक्रारी उद्भवू शकतात.

ज्वारीची भाकरी हे या विकाराचे कारण नव्हे. आहाराचे प्रमाण व वेळ यांस अधिक महत्त्व आहे. शेतातून उशिरा परतल्यावर भरपेट जेवून लगेच आडवे होणे, तेलकट तर्री, तसेच दिवसभर उपवास करून रात्री साबुदाण्याची खिचडी व तळलेले पदार्थ एकदम खाणे यांमुळे त्रास वाढतो. स्निग्ध पदार्थांमुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. मिरचीचा ठेचा सर्वांनाच बाधतो असे नाही; ज्यास बाधतो त्याने तो टाळावा.

दैनंदिन उपाय : थोडे थोडे जेवावे व जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. बाजेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंमी. उंच करावी. नुसत्या उशा वाढविल्यास शरीर कमरेत वाकून उदरातील दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपणे हितकर असते. वजन कमी करावे व तंबाखू सोडावी. खाण्याच्या सोड्याने क्षणिक आराम पडतो. परंतु त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णास अपायकारक ठरू शकते.

औषधोपचार : अम्लविरोधी औषधे तात्पुरती उपयोगी पडतात. ओमेप्राझोल हे औषध १९८८ मध्ये वापरात आले. या गटातील औषधे जठरातील अम्लनिर्मितीच कमी करतात. ती जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घेतात व उपचार सामान्यतः ४ ते ८ आठवडे चालतो. सल्ल्याशिवाय ती वर्षानुवर्षे घेणे इष्ट नाही, कारण लक्षणे दबून मूळ रोग झाकला जाऊ शकतो.

वैद्यकीय साहाय्य : छातीतील दुखणे डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत पसरत असेल, सोबत घाम येत असेल किंवा धाप लागत असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी पित्तावरची गोळी घेऊन वाट पाहू नये. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेली रुग्णवाहिका सेवा १०८ या क्रमांकावर बोलावता येते. मधुमेही, स्त्रिया व वृद्ध यांच्यात हृदयविकाराची लक्षणे अस्पष्ट असू शकतात.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ ही धोक्याची चिन्हे होत. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून त्या चालू असल्यास तसे सांगावे. अशा रुग्णाची दुर्बिणीने ग्रसिका व जठर यांची तपासणी करतात. दीर्घकाळच्या दाहाने ग्रसिका आकुंचित होऊ शकते व थोड्या रुग्णांत कर्करोगाची शक्यता वाढते.

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून आवश्यकतेनुसार ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात आणि पुढे नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात पाठविले जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. वैद्यास नुसते ‘पित्त झाले’ असे न सांगता जळजळ नेमकी कोठे होते, जेवणानंतर होते की श्रमाने, रात्री झोपमोड होते का व कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगावे. निदानाचा बराच भाग या माहितीवरच अवलंबून असतो.