मेंदूचा पेपर : विद्यार्थ्यांचा आणि घरच्यांचाही

डॉक्टर होऊ पाहणारी मुले-मुली आता आपल्या वस्त्यांमधूनही मोठ्या संख्येने पुढे येत आहेत. काही जण रशिया, फिलिपाईन्स, किर्गिझस्तान अशा देशांत शिकून येतात. परंतु तिकडची पदवी मिळाली म्हणजे इकडे लगेच दवाखाना उघडता येत नाही. त्यासाठी २००२ पासून एफ.एम.जी.ई. ही परवान्याची परीक्षा घेतली जाते. ३०० प्रश्न असतात आणि त्यांपैकी १५० बरोबर आले तरच पास! या परीक्षेत मुलांना घाम फोडणारा एक विषय म्हणजे न्यूरॉलॉजी, अर्थात मेंदू व मज्जासंस्थेचे शास्त्र. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या, त्यांची नावे, त्यांची कामे. पाठ करता करता मुले मेटाकुटीला येतात.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. परंतु या विषयाचा गाभा सामान्य माणसालाही समजेल असा आहे, आणि तो घराघरात समजला पाहिजे असे आम्हांस वाटते. कारण मेंदूच्या आजारात पुष्कळदा रोग्याची वाचाच जाते किंवा शुद्ध हरपते. मग डॉक्टरांना उत्तरे कोण देणार? घरचीच माणसे!

आधी ‘कुठे’, मग ‘काय’

या विषयातला कोणताही प्रश्न सोडवताना विद्यार्थी स्वतःला आधी विचारतो, बिघाड कुठे आहे? नंतर विचारतो, बिघाड काय आहे? पहिल्याचे उत्तर शरीराच्या कोणत्या भागाची ताकद गेली यावरून मिळते. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. बहुतेकांचे बोलण्याचे केंद्र डाव्या भागात असते. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली पॅरिसमध्ये, एकच शब्द उच्चारू शकणाऱ्या रोग्याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हा बिघाड डाव्या भागात आढळला. म्हणून उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणेही गेले, तर बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूस, हे उत्तर विद्यार्थ्याला चटकन यायला हवे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळेवरून मिळते. क्षणात ताकद गेली तर बहुधा रक्तवाहिनीचा दोष. महिनोन्‌महिने वाढत गेली तर गाठीची शंका. काही दिवसांत पायांपासून वर चढत गेली तर गिया-बारे (जी.बी.एस.) आजाराचा विचार करावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याच आजाराची साथ आली आणि दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. यात श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात, म्हणून घरी थांबणे धोक्याचे.

‘अंगावरून वारे गेले’

आपल्याकडे लकव्याला ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात. प्रत्यक्षात वाऱ्याचा येथे काहीही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन आहे, परंतु ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते, कारण रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. याच कारणाने घरच्या घरी अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नये. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, म्हणून पाणीही पाजू नये.

आता हे साडेचार तास मोजायचे केव्हापासून? परीक्षेत हा प्रश्न येतो आणि घरातही येतो. रोगी झोपेतून उठला तोच लुळा, तर वेळ उठल्यापासून नव्हे, तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. कचेरीत आवक-जावक वहीत कागद केव्हा आला याची नोंद नसेल तर पुढचा सगळा कारभार अडतो. येथे तर माणसाचा जन्म अडतो! मांत्रिकाकडे जाण्यात, कबुतराचे रक्त चोळण्यात हेच तास वाया जातात.

तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही खूण दिसली की घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. चेहऱ्याची नस सुजल्याने होणारा ‘बेल्स पाल्सी’ हा वेगळा आजार आहे. त्यात कपाळालाही आठी पडत नाही, लकव्यात मात्र बहुधा पडते. विद्यार्थ्यांनी हा भेद पाठ करावाच. घरच्यांनी मात्र तो ठरवत बसू नये, इस्पितळ गाठावे.

फिट : डॉक्टरांनी न पाहिलेला आजार

फेफरे अर्थात फिट डॉक्टरांसमोर क्वचितच येते. रोग्याला स्वतःला बहुधा काही आठवत नाही. म्हणून पाहणाऱ्याची साक्ष हाच निदानाचा मोठा आधार असतो. झटके आधी कोणत्या हाताला सुरू झाले? डोळे उघडे होते की मिटलेले? किती मिनिटे चालले? हे नीट पाहून सांगावे. दुसऱ्या कोणी मोबाईलवर चित्रीकरण केले तर उत्तमच.

कांदा, चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, दाबून धरणे हे सर्व बंद करा. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या पुढे फिट चालली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर तातडीने इस्पितळात न्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

हा देवीचा कोप नव्हे, भूतबाधाही नव्हे. आपल्या देशात फिटचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्या. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीपाल्यात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. हात धुणे आणि भाजी स्वच्छ पाण्याने धुणे हा त्यावरचा साधा उपाय.

फिट येणाऱ्या मुलीचे लग्न कसे होणार, ही आई-बापांची चिंता आम्ही नेहमी ऐकतो. हिंदू विवाह कायदा, जो बौद्धांनाही लागू आहे, त्यात वारंवार फिट येणे ही विवाहाच्या आड येणारी बाब होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. कायदा बदलला, आता आपण बदलायचे. आजार लपवून लग्न करू नये, आणि आजार आहे म्हणून मुलीला घरात कोंडूनही ठेवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, नसांची नावे जरूर पाठ करा, पण रोग्याच्या आईला, बायकोला ‘केव्हापासून?’ हे आदराने आणि तिच्या बोलीत विचारायलाही शिका. आणि बंधू-भगिनींनो, आपला पेपर त्याहून सोपा आहे. त्यात प्रश्न दोनच. काय पाहिले? आणि किती वाजता? एवढी दोन उत्तरे तयार ठेवा.